वीतभर नळीची गोष्ट

लोणंदहून साताऱ्याला निघाले की वाटेत सालपे घाट लागतो. तसा तो काही मोठा घाट नव्हे. पसरणी किंवा खंबाटकीच्या पंक्तीला बसवला तर बिचारा अंग चोरून बसेल. पण १९९२ च्या मे महिन्यात या घाटाने सासुरवाडीच्या मंडळींसमोर माझी जी शोभा केली, ती मी आजतागायत विसरलेलो नाही.

मी तेव्हा लोणंदला बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. आदल्याच वर्षी मी १९७८ सालची एक प्रीमियर पद्मिनी सेकंडहँड घेतली होती. रंग सायीसारखा, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, आणि दार लावले की होणारा तो भरदार आवाज. कागदोपत्री नाव पद्मिनी, पण सगळे तिला 'फियाट'च म्हणत. साताऱ्यात मेहुणीचा साखरपुडा होता. पुढे सौभाग्यवती, मागे सासूबाई आणि त्यांच्या मांडीवर करंज्यांचा डबा, असे आम्ही निघालो.

सपाटीवर गाडी बरी चालली. चढ लागल्यावर मी अॅक्सिलरेटर दाबला, तर पुढे झेपावण्याऐवजी ती दचकली. कोणी मागून शेपूट धरावे तशी. जितका पाय दाबावा तितकी ती मंद होई. दुसऱ्या वळणावर रेडिएटरमधून वाफ आली आणि गाडीने मान टाकली. मागून कांद्याच्या गोण्या भरलेला ट्रक आला. त्याचा ड्रायव्हर खाली उतरला, बॉनेटमध्ये डोकावला आणि म्हणाला, "सायेब, हिला धाप लागलीया. बसू द्या घटकाभर." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तीनच आठवड्यांपूर्वी एका मोठ्या शहरातल्या गॅरेजात मी या गाडीवर चांगली रक्कम खर्च केली होती. जुना कार्बुरेटर काढून नवा कोरा घातला होता. डिस्ट्रिब्युटरही बदलला होता. बिलावर दोन्हींची नोंद होती, शिक्का होता, सही होती. दोन्ही वस्तू उत्तम, असे मालकाने छातीला हात लावून सांगितले होते. पुढे कळले की तो खोटे बोलत नव्हता. दोन्ही वस्तू खरोखरच उत्तम होत्या. दोष होता तो त्या दोघांना जोडणाऱ्या वीतभर रबरी नळीत.

हे मला समजावले लोणंदच्या मिस्त्रींनी. त्यांना नाव होते, पण गावात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. कडुनिंबाखाली पत्र्याची शेड, जमिनीत एक खड्डा, आणि भिंतीला लावलेल्या डालड्याच्या डब्यांतून सुटे भाग. शाळा चौथीपर्यंत. हाताखाली एक पोरगा. आषाढात माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामी आली की मिस्त्रींची शेड रात्रभर उघडी असे. दिंड्यांबरोबरच्या ट्रकांचे आणि टेम्पोंचे काम ते त्या दिवसांत पैसे न घेता करीत. "वारकऱ्याचा खोळंबा नगं," एवढेच त्यावर त्यांचे भाष्य.

त्यांनी गाडी चालू करायला सांगितली. बॉनेट उघडून ते पाच मिनिटे नुसते उभे राहिले. मग डिस्ट्रिब्युटरच्या कुशीत चिकटवल्यासारखी दिसणारी एक चपटी पत्र्याची डबी त्यांनी मला दाखवली. त्या डबीतून एक रबरी नळी निघाली होती. मिस्त्रींनी ती उपटली आणि तिच्या तोंडावर अंगठा ठेवला. इंजिन लगेच खाली बसले, विझायला आले. नळी परत लावली, इंजिन सावरले.

"बघितलं न्हवं? गाडी जागेवर हुबी हाय, रेसवर पाय न्हाई. अशा वक्ताला ही नळी काढली तर इंजिनाला पत्त्या लागाया नगं. हितं तर तेचा जीवच चालला. नळी चुकीच्या घरात दिलीया."

आता ही नळी कसली, हे सांगण्याआधी थोडे मागे जावे लागेल. ज्यांच्या घरी आजच्या गाड्या आहेत त्यांनी कार्बुरेटर पाहिलाही नसेल.

पेट्रोलच्या इंजिनाला दोन गोष्टी लागतात, श्वास आणि ठिणगी. श्वासाचे काम कार्बुरेटरचे. हवा आत ओढली जाताना वाटेत ती एका अरुंद गळ्यातून जाते. तिथे तिचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल वर खेचले जाऊन तुषारांसारखे हवेत मिसळते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा किलो हवा लागते. गळ्याखाली एक गोल पत्र्याची झडप असते. तिला फुलपाखरू म्हणतात. आपण अॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा खरे तर एवढी झडपच उघडत असतो.

ठिणगीचे काम डिस्ट्रिब्युटरचे. कोणत्या सिलिंडरला, नेमक्या कोणत्या क्षणी ठिणगी द्यायची हे तो ठरवतो. फियाटच्या चार सिलिंडरांत ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन असा. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे झाले, आणि प्रत्येक फेऱ्याला दोन याप्रमाणे सेकंदाला १०० ठिणग्या. आपण 'एक' म्हणेपर्यंत शंभर ठिणग्या, आणि त्यातली एकही वेळ चुकवून चालत नाही.

वेळेचे महत्त्व घरातल्या बाईमाणसाला सांगायला नको. गॅसचे बटण फिरवायचे आणि लायटर मारायचा, यात अंतर पडले की भपका होतो. इंजिनात गोष्ट थोडी अधिक नाजूक असते. मिश्रण पेटायला वेळ लागतो, तो सेकंदाच्या दोन-तीन हजारांश भागाएवढा का असेना. म्हणून पिस्टन माथ्यावर पोहोचण्याच्या थोडे आधीच काडी लावावी लागते. वेग वाढला की आणखी आधी. यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या पोटात स्प्रिंगांनी बांधलेली दोन छोटी वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि ठिणगीची वेळ अलीकडे ओढतात.

पण वेग ही अर्धीच गोष्ट झाली. सपाट रस्त्यावर आपण हलक्या पायाने जात असतो तेव्हा फुलपाखरू थोडेसेच उघडे असते. सिलिंडरमध्ये मिश्रण कमी भरते, विरळ असते. विरळ मिश्रण हळू पेटते, जसे चुलीतले तुरळक सरपण. त्याला काडी आणखी आधी हवी. उलट घाटात पाय पूर्ण दाबला की सिलिंडर गच्च भरतो, मिश्रण झपाट्याने पेटते. तिथे काडी फार आधी लावली तर इंजिन टकटक आवाज करते आणि पिस्टनला हादरे बसतात.

म्हणजे आपण किती श्वास घेतो आहोत हे कार्बुरेटरने ठिणगीवाल्याला कळवायला हवे. ते कळवते ही वीतभर नळी. तिचे एक टोक डिस्ट्रिब्युटरच्या चपट्या डबीत, जिच्यात एक लवचीक पडदा असतो. दुसरे टोक कार्बुरेटरमध्ये, फुलपाखराच्या कडेच्या किंचित वर. जागेवर उभ्या गाडीत झडप बंद असते, म्हणून नळीला ओढ लागत नाही. झडप थोडी उघडली की कड भोकाच्या पलीकडे सरकते, ओढ लागते, पडदा खेचला जातो आणि ठिणगी अलीकडे येते. झडप पूर्ण उघडली की ओढ ओसरते, ठिणगी मागे जाते. ना तार, ना बॅटरी, ना मोजमापाचे यंत्र. नुसत्या हवेच्या ओढीवर हा निरोप पोहोचतो.

माझ्या गाडीत घातलेला नवा कार्बुरेटर चांगला होता, पण त्याला या नळीसाठी तोंडच नव्हते. डिस्ट्रिब्युटर मात्र नळीवाला होता. गॅरेजवाल्याने काय केले असेल? नळी लोंबकळत ठेवणे बरे दिसत नाही, म्हणून त्याने फुलपाखराच्या खाली, इंजिनाकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डला भोक पाडून ती तिथे खुपसली. तिथे तर गाडी उभी असतानाच सर्वांत जास्त ओढ! त्यामुळे उभ्या गाडीत ठिणगी फार अलीकडे आली, इंजिन जागेवरच घुरघुरायला लागले. तो आवाज कमी करायला त्याने अख्खा डिस्ट्रिब्युटर उलटा फिरवून वेळ मागे नेली. गॅरेजच्या दारात गाडी शहाण्यासारखी उभी राहिली. मी पैसे दिले. सपाटीवरही बरे चालले, कारण तिथे नळीला ओढ होती. पण घाटात पाय दाबताच ओढ नाहीशी झाली, आणि उरली ती मागे नेलेली, उशिराची ठिणगी. उशिरा पेटलेल्या मिश्रणाची ताकद चाकांकडे जाण्याऐवजी उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून ती वाफ, आणि म्हणून सासूबाईंचे ते मौन.

मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला कधी डिस्ट्रिब्युटर म्हणाले नाहीत. त्यांचा शब्द 'डेल्को'. हा शब्द कुठला, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनात सापडले. अमेरिकेत ओहायो राज्यात डेटन नावाचे शहर आहे. तिथे १९०९ मध्ये चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी एक कंपनी काढली, 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी'. तिच्या आद्याक्षरांचा 'डेल्को' झाला. केटरिंगने बॅटरीवर चालणारी ठिणगीची व्यवस्था बनवली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाडीत ती बसली. पुढे कंपन्या बदलल्या, देश बदलले, पण नाव मिस्त्रींच्या तोंडी राहिले. चौथी शिकलेला लोणंदचा माणूस रोज डेटनचे नाव घेत होता, आणि ते त्यालाही ठाऊक नव्हते आणि मलाही.

गाडीची कुळकथाही अशीच लांबची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. लोणंदजवळून जाणाऱ्या नीरेच्याच काठी, खाली इंदापूर तालुक्यात, वालचंदनगर वसवणारे तेच हे वालचंद. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. इटलीत १९५३ मध्ये आलेली फियाट ११०० इथे निरनिराळ्या नावांनी निघत राहिली आणि सत्तरच्या दशकाच्या मध्याला 'पद्मिनी' झाली. इंजिन तेच, १०८९ सीसीचे. कार्बुरेटर सोलेक्सचा, म्हणजे मूळ फ्रेंच घराण्याचा. आमच्या घरी आलेली ती सून अशी तीन-चार देशांच्या माहेरची होती.

कारखान्यातून निघताना या सगळ्यांचे एकमेकांशी जमलेले असते. इंजिनिअरांनी महिनोन्‌महिने खपून इतक्या आकाराचा गळा, इतका जेट, इतक्या ताकदीची स्प्रिंग असे जुळवलेले असते. बिघडते ते नंतर. आपल्याकडे गाडी नोंदवली की वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, तो हा काळ. ज्याच्याकडे गाडी होती तो ती वीस-वीस वर्षे चालवी. भाग मिळाला नाही की पुण्याच्या जुन्या बाजारात, नाहीतर मुंबईत कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे जाऊन जो सापडेल तो आणायचा. भोके जुळतात, नटबोल्ट बसतात, मग झाले! अँबॅसडरचा कार्बुरेटर फियाटला, जीपचा डेल्को आणखी कशाला. गाडी सुरू होई, म्हणून लोक समजत की जमले. सुरू होणे आणि जमणे यांत फरक आहे, हे घाटात कळे.

ही अडचण फक्त आपलीच नव्हे. जगभर फोक्सवॅगन बीटलचे शौकीन बॉशचा '००९' नावाचा डिस्ट्रिब्युटर हौसेने बसवतात. तो नळीशिवायचा, फक्त वजनांवर चालणारा. मूळच्या एका कार्बुरेटरबरोबर तो बसवला की पाय दाबताच गाडी क्षणभर अडखळते, ही त्यांची कायमची तक्रार. पण त्याच इंजिनाला शर्यतीसाठी दोन मोठे कार्बुरेटर बसवले तर हाच डिस्ट्रिब्युटर उपयोगी पडतो. कारण मग एकेक कार्बुरेटर एकदोन सिलिंडरांपुरताच श्वास घेतो, तिथली ओढ धक्क्याधक्क्याने येते आणि नळीचा निरोप भरवशाचा राहत नाही. आपल्याकडे मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट गाड्यांच्या शर्यती होत, तेव्हा त्या तयार करणाऱ्यांपुढेही हाच पेच असे. म्हणजे डिस्ट्रिब्युटर चांगला की वाईट, हा प्रश्नच चुकीचा. कोणाच्या शेजारी बसवलाय, ते विचारायचे.

मिस्त्रींनी माझ्या गाडीची जुळवणी कशी केली, ते मी खड्ड्याच्या काठावर स्टुलावर बसून पाहिले. रविवार होता. त्यांचा एक नेम होता: कार्बुरेटरला हात शेवटी लावायचा. "लोक पयलं पेट्रोलचा स्क्रू पिळत्यात. ठिणगी नीट नसंल तर स्क्रू पिळून काय व्हनार? ताप आल्याव घड्याळ बदलल्यागत हाय ते."

आधी टॅपेट तपासले. मग प्लग. मग डेल्कोची टोपी काढून आतली दोन वजने बोटाने फिरवून पाहिली. एक स्प्रिंग थकली होती, ती डब्यातून दुसरी शोधून बदलली. शोधताना ती दोन बोटांत ताणून कानाजवळ धरत आणि छेडत, तंबोऱ्याची तार पाहावी तशी. नळी तोंडात धरून त्यांनी हवा ओढली. डबीतला पडदा हलला आणि ओढ धरून राहिला, म्हणजे फाटलेला नव्हता. पॉइंटमधले अंतर फिलर गेजने घेतले, अर्ध्या मिलिमीटरच्याही आत. पहिला सिलिंडर खुणेवर आणला, पॉइंटला बारा व्होल्टचा छोटा बल्ब जोडला, आणि डेल्को हळूहळू फिरवत बल्ब ज्या क्षणी लागला तिथे आवळला.

मग तो कार्बुरेटरचा प्रश्न. नव्यात नळीला तोंड नव्हते. मिस्त्रींपुढे दोन रस्ते होते. एक, नळीशिवायचा डेल्को घालायचा आणि त्याच्या स्प्रिंगा या इंजिनाला बेताच्या करायच्या. दुसरा, नळीवाला कार्बुरेटर शोधायचा. ते म्हणाले, "तुमी शर्यतीत पळनार न्हाई. सपाटीला हलक्या पायानं जानार. तुमाला नळी पायजे, पेट्रोल वाचंल." डालड्याच्या तिसऱ्या डब्यातून त्याच मापाचा एक जुना सोलेक्स निघाला, नळीचे तोंड असलेला. तो रॉकेलमध्ये धुतला, नव्यातले जेट काढून त्यात घातले, मॅनिफोल्डचे भोक तांब्याचा वॉशर लावून बोल्टने बंद केले. नळी तीच, फक्त तिच्या योग्य घरात गेली.

संध्याकाळी आम्ही दोघे सालपे घाटात गेलो. घाटाआधीच्या सपाटीवर, चौथ्या गिअरमध्ये, ताशी तीस किलोमीटरच्या वेगावर त्यांनी मला पाय पूर्ण दाबायला सांगितले. इंजिनातून बारीक टकटक आली, चार-पाच ठोके, आणि विरली. मिस्त्रींनी मान डोलावली. ती आलीच नसती तर ठिणगी उशिरा. थांबलीच नसती तर फार लवकर. येऊन विरणे हे माप. आम्ही घाट चढलो. माथ्यावर मी गाडी थांबवली. रेडिएटर शांत होता. मिस्त्रींनी मजुरी सांगितली ती ऐकून मला मोठ्या गॅरेजच्या बिलाची लाज वाटली.

इथे गोष्ट संपली असती तर ती मी सांगायला घेतली नसती.

पुढच्या वर्षी मिस्त्रींनी आमच्या शाखेत कर्जाचा अर्ज केला. चाळीस हजार रुपये. डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून फिरवून तपासण्याचे एक यंत्र, टायमिंग पाहण्याचा दिवा आणि एक कॉम्प्रेसर, एवढे घ्यायचे होते. हिशेब असा होता की आजूबाजूच्या फलटण, शिरवळ, वाठारच्या गाड्या मग लोणंदलाच येतील. अर्जाची छाननी माझ्याकडे आली. छापील फॉर्ममध्ये रकाने होते. तारण: पत्र्याची शेड, जागा भाड्याची. मागील तीन वर्षांची उलाढाल: कागद नाहीत. तांत्रिक पात्रता:

या रकान्यापाशी मी थांबलो. खिडकीतून बाहेर माझी गाडी उभी दिसत होती, मिस्त्रींनी जुळवलेली, वर्षभर एकदाही न रुसलेली. स्प्रिंग छेडून तिचा ताण ओळखणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिला होता. पण फॉर्मला प्रमाणपत्र हवे होते, आयटीआयचे नाहीतर तसेच कसले. मी लिहिले: 'नाही'.

अर्ज वरून परत आला, नामंजूर होऊन. नियमाने ते बरोबरच होते, आणि वरच्यांनी मिस्त्रींना पाहिलेही नव्हते. पाहिले होते मी. शेऱ्याच्या जागेत चार ओळी लिहिण्याची मला मुभा होती. माझ्या अनुभवावरून हा इसम आपल्या कामात निष्णात आहे, एवढे लिहिले असते तरी कदाचित काही फरक पडला नसता. पण मी ते लिहिले नाही. आपली खासगी गाडी जिथे दुरुस्त होते त्याची शिफारस केली तर कोणी बोट दाखवेल, ही भीती होती. भीतीला मी नियम हे नाव दिले. मिस्त्रींनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. माझी बदली होईपर्यंत ते गाडी पाहत राहिले, आणि दर पावसाळ्याआधी न चुकता नळी तपासत राहिले.

त्यानंतर जग फार बदलले. २००० नंतर धुराचे नियम कडक होत गेले, आणि कार्बुरेटर नव्या मोटारींतून गेला. डिस्ट्रिब्युटरही गेला. आता पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी कधी द्यायची हे दोन्ही एकच छोटा संगणक ठरवतो. निरोपाची नळी लागत नाही, कारण निरोप देणारा आणि घेणारा एकच झाला. गाड्या कमी पेट्रोल पितात, कमी धूर सोडतात, घाटात सासूबाईंसमोर तोंडघशी पाडत नाहीत. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. कुर्ल्याला पद्मिनीचे उत्पादन शतक बदलता बदलता थांबले. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी नाहीशी झाली.

माझ्या गाडीची नोंदणीही २०२३ मध्येच नव्याने करायची होती. पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी ती करावी लागते, आणि एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी तिचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले होते. मुले म्हणाली, "बाबा, आता पुरे." गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली होती आणि सिग्नलला अडखळत होती. साताऱ्यातल्या दोन गॅरेजांनी हात टेकले. एकाने प्रामाणिकपणे सांगितले, "काका, हिला स्कॅनर कुठे लावू? जागाच नाही."

मी लोणंदला गेलो. शेडच्या जागी आता पक्के गॅरेज आहे. ते मिस्त्रींचा मुलगा चालवतो, तोच तो हाताखालचा पोरगा. त्याच्याकडे लॅपटॉप आहे, लिफ्ट आहे, आणि आयटीआयचे प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीवर लावलेले आहे. मिस्त्री आत खुर्चीवर होते. हात थरथरतात, त्यामुळे काम बंद. मला ओळखून म्हणाले, "नळी बघितली का?"

नळी खरेच गेली होती. बाहेरून धड, आतून चिरलेली. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागल्यापासून जुन्या गाड्यांचे रबर लवकर खराब होते, असे मुलाने सांगितले. आमच्याच भागातल्या उसाचा तो प्रताप म्हणायचा! इथेनॉलमुळे मिश्रणही थोडे विरळ पडते, म्हणून जेटचे माप पुन्हा पाहायला हवे. मुलगा काम करू लागला आणि मिस्त्री खुर्चीवरून सांगू लागले. डेल्कोची टोपी काढ. वजनं फिरव. स्प्रिंग हितं आन, कानापाशी. मुलाने दोन स्प्रिंगा बापाच्या कानाशी छेडल्या. मिस्त्रींनी दुसरीवर मान हलवली. मुलाला त्या दोन आवाजांतला फरक कळला नाही. मलाही नाही. त्याने बापाला तसे सांगितले, आणि दोन्ही स्प्रिंगांना सारखेच वजन टांगून त्या किती ताणतात ते पट्टीने मोजून घेतले. आकडे खडूने भिंतीवर लिहिले. बापाचा कान त्याला मिळणार नव्हता, म्हणून त्याने त्याचे माप काढून ठेवले. मला ते पाहून फार बरे वाटले.

त्या दिवशी मी बँकेतल्या सवयीने एक वही काढली. मिस्त्री बोलत गेले, मी रकाने आखून लिहीत गेलो. कोणता कार्बुरेटर, त्याला नळीचे तोंड कुठे, त्याच्याबरोबर कोणता डेल्को चालतो, कोणता चालत नाही, आणि चालत नसेल तर घाटात गाडी काय करते. संध्याकाळपर्यंत अकरा पाने झाली. त्याची एक प्रत गॅरेजात राहिली. अजूनही कोणाकोणाच्या गोठ्यात, पडवीत आजोबांची फियाट किंवा जीप झाकून ठेवलेली असते, आणि नातवाला ती चालू करायची हुक्की येते. पन्नास वर्षे उलटलेल्या गाड्यांसाठी सरकारने २०२१ मध्ये वेगळी 'व्हीए' नोंदणीही काढली आहे. माझी गाडी २०२८ मध्ये पन्नाशीची होईल. तोवर तिला सांभाळायचे ठरवले आहे.

निघताना मी मिस्त्रींना त्या जुन्या अर्जाबद्दल सांगितले. तीस वर्षे सांगायचे राहिले होते ते. त्या रकान्यात 'नाही' असे मीच लिहिले, हेही सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हाईत हाय, सायेब. चपराशी बोलला व्हता तवाच."

म्हणजे तेवढे ठाऊक असून ते दर पावसाळ्याआधी माझी नळी तपासत होते. मला काय बोलावे सुचेना. त्यांनीच विषय बदलला. "घाटानंच जावा. सपाटीला पाय दाबून टकटक ऐका. इरली पायजे."

मी सालपे घाटाने आलो. सपाटीवर पाय दाबला, काच खाली करून ऐकले. चार-पाच ठोके आले, आणि विरले.